संघ सोडणाऱ्यांविषयी माझे मत

मंगळवार, ४ जून. दुपारचे तीन वाजून चाळीस मिनिटे.

बातमी आली तेव्हा मी प्रेसचे झाकण दाबून सेकंद मोजत होतो. जर्सीवर नाव चिकटवायला पंधरा सेकंद लागतात. चौदाला उघडले तर अक्षराची कड सुटते, सोळाला उघडले तर कापडावर चकाकी येते. मी अकरावर होतो तेव्हा मालकांनी रेडिओचा आवाज वाढवला आणि म्हणाले, "तुझा शिडी गेला रे."

मी झाकण उघडले नाही. पंधरा मोजूनच उघडले. पिवळी जर्सी, हिरवी अक्षरे, आकडा चौदा, नाव त्याचेच.

शिडी म्हणजे आमच्या बास्केटबॉल संघाचा चौदा नंबर. उंची दोन मीटर सात सेंटिमीटर. सात हंगाम आमच्याकडून खेळला, दोनदा करंडक आणला. एकतीस मेला करार संपला आणि आज त्याने बंदराच्या शहरातल्या संघाशी बोलणी पक्की केली. ते पांढऱ्या जर्सीवाले. मागच्या वर्षी त्यांनीच आम्हाला उपांत्य सामन्यात एका गुणाने हरवले होते आणि तेव्हा शिडी मैदानात बसून रडला होता. आता वाटते, कोणासाठी रडला?

मालक म्हणाले, "आता बघ, दोन महिने धंदा कसा होतो ते." मला वाटले ते चेष्टा करत आहेत.

घरी ताईला सांगितले. ती आईच्या गुडघ्यांना तेल लावत होती. म्हणाली, "गेला तर गेला. त्यालाही पोट आहे." मी म्हणालो, त्याच्या पोटाला तीन मजली घर आहे. ताई हसली आणि म्हणाली, हात धू आणि जेवायला बस.

गुरुवार, ६ जून.

राग आला की माझे विचार एकमेकांत अडकतात, म्हणून मत नीट लिहून ठेवतो.

संघ सोडणारे सगळे सारखे नसतात. ज्याला संघानेच विकले, त्याला दोष नाही. तो बिचारा पेटीसारखा इकडून तिकडे ठेवला जातो. ज्याला संघ खेळवतच नाही, बाकावर बसवून ठेवतो, तो गेला तर मी त्याला माफ करतो, पण टाळ्या वाजवणार नाही. आई-वडील आजारी म्हणून गावाकडच्या संघात जाणारे असतात. त्यांचे कागद बघितल्याशिवाय मी मत देणार नाही, कारण अशा दोघांच्या आया पुढे ठणठणीत निघाल्या. राहिले ते, ज्यांना इथे सगळे मिळत होते, मान होता, जागा होती, आणि तरी जास्त पैशासाठी गेले. त्यांच्यासाठी माझ्याकडे एकच शब्द आहे आणि तो मी या वहीत लिहिणार नाही, कारण ही वही कधी आईच्या हाती लागू शकते.

आणि जाणारा नेहमी म्हणतो की मी तुम्हाला विसरणार नाही. हे वाक्य ऐकले की समजावे, सामान बांधून झालेले आहे.

सोमवार, १० जून.

मालक चेष्टा करत नव्हते. सकाळपासून रांग. सगळ्यांना शिडीचे नाव काढून हवे आहे. नाव लावायचे जेवढे घेतो त्याच्या दीडपट आम्ही काढायचे घेतो, कारण काढणे अवघड. गरम करून, चिमट्याने कड उचलून, हळूहळू सोलावे लागते. तरी कापडावर अक्षराची खूण राहतेच. बाकीचे कापड उन्हाने फिके झालेले असते आणि नावाखालचे तसेच गडद. लांबून वाचता येते.

एक दाढीवाला म्हणाला, हे काय, अजून वाचता येतंय. मी म्हणालो, यावर दुसरा शब्द बसवू. तो म्हणाला कोणता. माझ्या तोंडून निघून गेले, "विकाऊ."

रांगेत एकदम हशा झाला. नंतर प्रत्येकाला तेच हवे. संध्याकाळपर्यंत एकेचाळीस जर्सींवर "विकाऊ" लावले. "वि" ऱ्हस्व, आणि शेवटी "काऊ" मध्ये दीर्घ ऊ. मालकांनी "विकाउ" कापायला घेतले होते, मी थांबवले. चुकीचे अक्षर गेले तर जर्सीची किंमत माझ्या पगारातून जाते. मी आठवीत शाळा सोडली तरी अक्षर चुकू देत नाही.

मालकांनी पाठीवर थाप मारली. असे त्यांनी पूर्वी केले नव्हते.

गुरुवार, १३ जून.

शिडी घर रिकामे करायला आला होता. दाढीवाल्याने निरोप दिला म्हणून मीही त्याच्या फाटकाशी गेलो. साठ-सत्तर माणसे होती, बहुतेकांच्या पाठीवर माझे काम. शिडी स्वतः खोके उचलून ट्रकमध्ये ठेवत होता. कोणी त्याच्या बायकोविषयी बोलले, कोणी त्याच्या वडिलांच्या चालण्याची नक्कल केली. वडील काठी घेऊन पायरीवर उभे होते. तेही हसले. त्यांना बहुधा ऐकू येत नाही.

मग कोणीतरी अंडे मारले. ते शिडीला न लागता हमालाच्या कानाला लागले. हमालाने बाहीने कान पुसला आणि खोके घेऊन पुढे गेला. इतक्या जवळून नेम चुकतो म्हणजे काय. ज्यांना नेम नाही त्यांनी फेकू नये.

शनिवार, १५ जून. सायंकाळी साडेसात.

ताई जाणार आहे.

जेवताना सांगितले. ती अकरा वर्षे चष्म्याच्या काचा घासणाऱ्या कारखान्यात तपासणीवर आहे. घासलेली प्रत्येक काच तिच्या हाताखालून जाते. ओरखडा, फुगा, लाट, काहीही असो, तिच्या नजरेतून सुटत नाही. बंदराच्या शहरात मोठा कारखाना आहे, त्यांनी तिला तपासणीची मुख्य म्हणून बोलावले आहे. पगार दुप्पट. राहायला खोली. एक जुलैला डोळ्यांची तपासणी आणि त्याच दिवशी रुजू.

बंदराच्याच शहरात. मी दोनदा विचारले.

आईने डोळ्यांना पदर लावला, पण ती खूश होती. म्हणाली, पोरीने आमच्यासाठी हाडं झिजवली, आता चार दिवस मोकळी राहू दे. ताई म्हणाली, "मोकळी कसली, आता देते त्यापेक्षा जास्त पाठवीन. भाडं माझ्याकडेच राहील." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि तुला विसरणार नाही, तोंड असं करू नकोस."

मी पान तसेच ठेवून उठलो.

रविवार, १६ जून.

ताईला तीन प्रश्न विचारले आणि उत्तरे लिहून घेतली. ती कपडे वाळत घालत होती.

पहिला, इथे तुला काय कमी आहे? ती म्हणाली, काही नाही, पण जास्तही काही नाही. दुसरा, पैशासाठी जातेस का? ती म्हणाली, हो, पैशासाठीच, आणि एका खोलीसाठी, जिच्या दाराला आतून कडी आहे. तिसरा, तू गेल्यावर आमचे काय? त्यावर तिने चिमटे बाजूला ठेवले.

"तू चोवीस वर्षांचा आहेस," ती म्हणाली. "मी चोवीसची होते तेव्हा तुम्हा दोघांना पोसत होते. सोपं नसतं, पण जमतं. मी शिकवून जाईन सगळं."

मी लिहिलेले तिला वाचून दाखवले आणि म्हणालो, खाली सही कर. तिने खरोखर सही केली, आणि पुढे लिहिले, "प्रश्नकर्त्याने कालपासून आंघोळ केलेली नाही." चेष्टेवारी नेणे ही जाणाऱ्यांची रीत असते. शिडीही पत्रकारांशी असाच हसून बोलायचा.

माझ्या सहा तारखेच्या नोंदीप्रमाणे ताई शेवटच्या प्रकारात बसते. मी दोनदा वाचून पाहिले. दुसरीकडे कुठे बसत नाही.

बुधवार, १९ जून.

शिडीची वैद्यकीय तपासणी झाली. करार त्यावरच अडला होता. आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे की त्याचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून पोकळ आहे. सामन्यानंतर तो बर्फात पाय घालून तासभर बसायचा. तरी डॉक्टरांनी पास केले. दाढीवाला म्हणतो, त्यांनी गुडघा नीट बघितलाच नाही, नुसती सही घेतली.

आमच्या संघाचा मालिशवाला दुकानात आला होता. मी त्याला विचारले, तुम्हाला तर गुडघ्याचे सगळे ठाऊक, मग त्या लोकांना कळवले का नाही? तो म्हणाला, "मी कशाला कोणाच्या पोटावर पाय देऊ? माझ्या हाताखाली आलेलं शरीर आहे ते." मोठेपणा. एक पत्र पुरले असते. एका पत्राने शिडी परत आला असता आणि आज आमचा संघ शाबूत असता. पण लोकांना चांगले म्हणवून घ्यायची हौस असते.

दिवसभर तेच डोक्यात. एक पत्र.

शुक्रवार, २१ जून.

जे फक्त दोघांना माहीत आहे ते आज लिहितो.

ताईला डाव्या डोळ्याने दिसत नाही. उजेड आणि सावली एवढेच कळते. मी नऊ वर्षांचा होतो, ती सोळाची. ती परीक्षेचा अभ्यास करत होती आणि मला तिने खेळायला यावे असे वाटत होते. मी तीनदा हाक मारली. चौथ्यांदा चेंडू मारला. तिच्या पाठीला मारला होता, पण तिने नेमके तेव्हाच वळून बघितले, चेंडू चुकवायला मान फिरवली आणि डावा डोळा कपाटाच्या कोपऱ्यावर आपटला. वळली नसती तर काही झाले नसते.

आईला तिने सांगितले की जिन्यावरून पडले. आईने नंतर जिन्याच्या पायऱ्यांवर खरखरीत पट्ट्या लावून घेतल्या.

कारखान्यात कोणाला माहीत नाही. ती एका डोळ्याने काचा तपासते आणि दोन डोळ्यांवाल्यांपेक्षा बरोबर तपासते. दरवर्षी तिथे डोळे तपासतात, पण या धंद्यात सगळीकडे अक्षरांचा एकच तक्ता टांगलेला असतो, आणि तो तिला पाठ आहे. उजव्या डोळ्यावर हात ठेवायचा आणि सुरू करायचे. एकदा तिने मलाच हसत सांगितले होते, "वाचायचं नसतं रे, म्हणायचं असतं."

म्हणजे गुडघा पोकळच आहे. आणि तिथेही कोणी नीट बघणार नाही, नुसती सही घेतील.

शनिवार, २२ जून.

मालक जेवायला गेले तेव्हा पत्र तयार केले.

हस्ताक्षर ओळखू येते, म्हणून हाताने लिहिले नाही. शाईच्या छपाईला बाहेर जावे लागते आणि तिथला माणूस वाचणार. म्हणून जर्सीची अक्षरे कापतो त्या हिरव्या प्लास्टिक फिल्मच्या, शिडीच्या नावातून उरलेल्या पट्ट्या घेतल्या, मशीनवर सर्वांत लहान मापाची अक्षरे कापली आणि पांढऱ्या जाड पुठ्ठ्यावर प्रेसने चिकटवली. पुठ्ठ्याला नऊ सेकंद पुरतात. आधी दोन पुठ्ठे जळाले. मजकूर असा:

"तुमच्याकडे १ जुलैपासून तपासणीवर रुजू होणाऱ्या बाईंचा डावा डोळा दुसऱ्या तक्त्यावर तपासावा. नेहमीचा तक्ता त्यांना पाठ आहे."

सतरा शब्द, तेही १ हा आकडा धरून. "रुजू" मध्ये पहिला ऱ्हस्व, दुसरा दीर्घ. "तक्त्यावर" दोनदा ताडून पाहिले. एकही शब्द खोटा नाही. शिवी नाही, आरोप नाही. खाली नाव घातले नाही. हे कोणी केले ते आता जगात कोणालाही कळणार नाही.

घरी गेलो तर ताई वहीच्या पानांवर माझ्यासाठी लिहीत होती. कुठल्या दिवशी आईचे कोणते औषध, गॅस कोणाकडे नोंदवायचा, घरमालकाशी बोलताना काय बोलायचे नाही. सकाळी निघताना मी कुलूप तीन-चारदा ओढून बघतो आणि ती मागून "लागलंय" म्हणते तेव्हाच माझा पाय उचलतो. त्यासाठीही तिने लिहिले होते: "कुलूप लागले की किल्ली डाव्या खिशात टाक. किल्ली डाव्या खिशात आहे म्हणजे कुलूप लागले आहे." पद्धत चांगली आहे. मी सुधारायला काही जागा शोधली, मिळाली नाही.

सोमवार, २४ जून. सकाळी नऊ वाजून पाच मिनिटे.

पोस्टात टाकले. पेटीत हात घालून बघितले, अडकलेले नाही.

रविवार, ३० जून.

ताई सकाळच्या बसने गेली. एक पेटी, एक पिशवी. आईने तिला शंभरदा सूचना दिल्या. कारखान्यातली तिची मैत्रीण निरोप द्यायला आली होती. तिखट बोलते म्हणून तिला सगळे मिरची म्हणतात. ताईच्या जागी आता तीच बसणार. मिरची मला म्हणाली, "आता कळेल तुला, घर कशावर चालतं ते."

बस सुटताना ताई खिडकीतून हसत होती. मला तिच्याकडे नीट बघवले नाही. ऊन डोळ्यांवर येत होते.

मंगळवार, २ जुलै.

ताई परत आली. पेटी जिन्यात ठेवली आणि आईला म्हणाली, "नाही झालं."

तिथे नेहमीचा तक्ता भिंतीवर होताच. तिने उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि पहिल्या दोन ओळी म्हटल्या. मग डॉक्टरांनी तो तक्ता काढला आणि खणातून दुसरा काढून लावला. ती म्हणते, ते लोक सभ्य होते. चहा दिला. परतीच्या बसचे पैसेही देत होते, तिने घेतले नाहीत.

आईला डोळ्याचे आजच कळले. आई ओरडली, "अगं पण कधीपासून?" ताई म्हणाली, "जिन्यावरून पडले होते ना, तेव्हापासून." मी तिथेच उभा होतो. तिने माझ्याकडे बघितले नाही. मला बरे वाटले.

आज तिघेही एकत्र जेवलो. ताई फार जेवली नाही, पण एकत्र बसलो.

शुक्रवार, ५ जुलै.

एक गोष्ट माझ्या हिशेबात नव्हती. नव्या कारखान्याने जुन्या कारखान्याला फोन करून विचारले की तुमच्याकडे डोळे तपासत नाहीत का. ताई आज जुन्या जागी परत घ्या म्हणून सांगायला गेली, तर तिथल्या मालकांनी सगळ्यांसमोर तिला हाताची बोटे दाखवून किती ते विचारले. महिन्याभरातल्या तिच्या काचा पुन्हा तपासून घेतल्या. एकही चूक निघाली नाही. तरी म्हणाले, एका डोळ्याची बाई चष्म्याच्या काचा तपासते हे बाहेर कळले तर आमच्याकडे कोण येईल?

म्हणजे तिला आता कुठेच जागा नाही. हे थोडे जास्त झाले. पण करार संपण्याआधी दुसरीकडे बोलणी करणाऱ्यांचे असे होते. संघही असेच करतो, जागा कोणासाठी रिकामी ठेवत नाही. शिवाय आता ती घरीच असेल. आईलाही सोबत.

रविवार, ७ जुलै.

आईला वाटते, हे मिरचीने केले. ताईची खुर्ची तिला मिळाली, मग दुसरे कोण? सकाळी ताई बाजारात गेली असताना आई मला घेऊन मिरचीच्या घरी गेली. गुडघे दुखत असताना तीन जिने चढली. मिरचीने दार उघडले तशी आई सुरू झाली. शेजारची सगळी दारे उघडली. माझ्या पोरीचा डोळा विकून खुर्ची घेतलीस, त्या खुर्चीवर तुझं भलं होणार नाही, असे आणि याहून वाईट.

मिरचीला बोलताच येईना. मी तिला असे कधी पाहिले नव्हते. ती एकच म्हणत राहिली, "मावशी, मला माहीतच नव्हतं हो. मला माहीत असतं तर मीच तिचा दुसरा डोळा झाले असते."

मी आईची पिशवी धरून उभा होतो. मिरचीने एकदा माझ्याकडे बघितले, मी काहीतरी बोलेन म्हणून. दोघींच्या भांडणात पुरुषाने पडू नये.

ताईला घरी आल्यावर कळले. तशीच उलट पावली मिरचीकडे गेली आणि तीन तासांनी परत आली.

शुक्रवार, १२ जुलै.

शिडीचा गुडघा गेला. सरावाच्या पहिल्याच सामन्यात, कोणी धक्का न देता, उडी मारून खाली आला आणि उठलाच नाही. डॉक्टर म्हणतात, पुन्हा खेळणे कठीण. वर्तमानपत्रात स्ट्रेचरवरचा फोटो आहे. पाय लांबीत मावत नाहीत, पोटऱ्या बाहेर लोंबताहेत.

दुकानात दाढीवाल्याने पेढे वाटावेत तसे बिस्किटांचे पुडे वाटले. मालकांनी फोटो कापून प्रेसच्या वर चिकटवला. मीही एक बिस्कीट घेतले.

पण माझे मत इतरांसारखे केवळ आनंदाचे नाही. मी विचार करतो. मालिशवाल्याने वेळेवर पत्र टाकले असते तर शिडी इथेच राहिला असता, आमच्या लोकांनी त्याला जपून खेळवले असते, गुडघा अजून चार वर्षे टिकला असता. म्हणजे ते पत्र ही दयाच ठरली असती. पत्र न लिहिणाऱ्याने त्याचा घात केला. हे मला अगदी स्पष्ट दिसते आणि यातून मला पुष्कळ धीर आला.

शनिवार, १३ जुलै. सायंकाळी सहा.

कालचे मत ताईला समजावून सांगितले. वर्तमानपत्र तिच्यासमोर ठेवले. म्हणालो, बघ, कोणीतरी आधी कळवले असते तर हा माणूस वाचला असता. कधीकधी एखाद्याचा दोष वेळेवर उघडा पडणे हेच त्याच्या भल्याचे असते. तुझेही पुढे कधीतरी कळलेच असते, आणि मग चहासुद्धा कोणी दिला नसता.

ती फोटो बघत होती. मग म्हणाली, "त्यांनी मला ते पत्र दाखवलं."

मी कुठले पत्र असे विचारले.

"हिरवं," ती म्हणाली. "तिथला कारकून म्हणत होता, असं पत्र जन्मात बघितलं नाही. मी हातात घेऊन बघितलं. फार सुबक केलं होतंस. एक अक्षर वाकडं नव्हतं."

माझ्या ओठांवर आले होते की दोन पुठ्ठे जळाले तेव्हा कुठे जमले.

आवाज न चढवता ती पुढे म्हणाली, "आईला सांगितलं नाही. सांगणारही नाही. तुझ्यासाठी नाही. तिला तुझ्याबरोबर राहायचंय म्हणून."

मी म्हणालो, आपल्या तिघांनाच राहायचे आहे. ती वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाली, "उद्या सकाळी जाते." कुठे, कोणाकडे, कशावर, काही नाही. मी म्हणालो, जागा तर कुठेच नाही तुला. ती म्हणाली, "एवढं तू नीट केलंस."

रविवार, १४ जुलै.

गेली. आईला म्हणाली, मिरचीच्या ओळखीने काम बघितले आहे, पत्ता ठरला की कळवीन. आई जिन्यापर्यंत गेली. मी गेलो नाही. ताईने मला हाक मारली नाही.

बुधवार, ३१ जुलै. सायंकाळी सात वाजून वीस मिनिटे.

पत्ता आलेला नाही. आईने मला मिरचीकडे पाठवले. मिरची दाराची साखळी न काढता म्हणाली की तुझ्या आईला सांग, ती बरी आहे, आणि तुला सांगायला मला काही सांगितलेले नाही. आईला मी पहिला अर्धा निरोप दिला. आई म्हणाली, तू तरी आहेस रे. मी म्हणालो, मी कुठे जाणार. आईने माझा हात बराच वेळ धरून ठेवला आणि मग विचारले की भाड्याचे काय करायचे.

दुकानात "विकाऊ" संपले. शिडीचा गुडघा गेल्यापासून कोणी त्याचे नावही काढत नाही, जर्सीवरूनही नाही आणि तोंडातूनही नाही. मालकांनी ऑगस्टपासून मला अर्धा दिवस सांगितला आहे. म्हणाले, हंगाम सुरू झाला की बघू. एवढी वर्षे त्यांच्याकडे काढली आणि असे. पण मी दुसरे दुकान बघणार नाही. मी तसला नाही.

एक चांगली बातमी आहे. आपल्या संघाने शिडीच्या जागी नवीन खेळाडू आणला, उत्तरेकडच्या लहान संघातून. नऊ नंबर. त्याचा तिथला करार अजून दोन वर्षे होता, पण त्याने भांडून, दंड भरून तो मोडला. त्याच्या गावात म्हणे लोकांनी त्याच्या घरावर दगड मारले. काय कोत्या मनाची माणसे. ज्याला मोठे व्हायचे आहे त्याने बाहेर पडलेच पाहिजे, आणि पगार जास्त मागितला तर त्यात चूक काय, अंगात गुण आहेत म्हणून मागितला. मला हा मुलगा फार आवडला. हंगामाचे तिकीट दरवर्षी ताई काढायची, या वर्षी मीच काढले. नऊ नंबरच्या समोरची बाजू मिळाली.

जुलैचा हिशेब.

जमा, पगार: ११,०००.

खर्च: किराणा ४,९००. आईची औषधे १,८६०. वीज ७४०. हंगामाचे तिकीट २,८००. एकूण १०,३००. हाती ७००.

पाकीट आणि पोस्टाचे तिकीट मिळून ३५, ते जूनचे, इथे धरले नाही.

देणे: घरभाडे ६,५००. मालकांकडून मागची उचल २,०००. मालकांची हिरवी फिल्म, न विचारता घेतलेली, अंदाजे ६०. एकूण ८,५६०.

येणे: नाही.

बेरीज दोनदा तपासली. बरोबर आहे.